आईच्या मनगटावरचे दोरे

"आई, समज, मी आणि तुझी होडी एकाच वेळी बुडायला लागलो, तर तू आधी कुणाला धरशील?"

प्रश्न खरं तर मालिवानचा नव्हताच, तो तिच्या मैत्रिणीचा, चिंदाचा होता. शाळेतून येताना चिंदानं तिला डिवचलं होतं, की सगळ्या बायकांसमोर, मोठ्यानं हे विचारून दाखव, तर तुला मानलं! आणि मालिवाननं ते विचारलं. संध्याकाळचा सराव नुकताच संपला होता, गावच्या बायकांची ती लांबच लांब होडी विहाराच्या घाटाला लागली होती, आणि होडीतल्या झाडून सगळ्या बायका ओल्या कपड्यांनिशी पायऱ्यांवर बसून एकाच खलातली कच्च्या पपईची आंबट-तिखट कोशिंबीर बोटांनी उचलत होत्या. त्यांच्या बरोब्बर मधोमध बसली होती मालिवानची आई, सेंगदाव.

आईनं दाताखालची मिरची बाजूला काढली, लेकीकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "होडी लाकडाची आहे बाई, ती आपली आपण तरंगेल. आणि तूही तरंगशीलच की, एवढी गुबगुबीत तर आहेस."

घाटभर हशा पिकला. चिंदा तर पोट धरून खाली बसली. मालिवानही हसली, कारण सगळेच हसत असताना एकटीनं न हसणं फार अवघड असतं... पण तिला ते लागलं. आई विनोद करत होती! दोन वर्षांत पहिल्यांदा आईच्या ओठांवर विनोद आला होता, आणि तो आला होता या बायकांसाठी, आणि त्यात थट्टा झाली होती ती मालिवानची, जिनं त्या ओठांवर साधं हसू यावं म्हणून काय काय केलं नव्हतं!

दोन वर्षांपूर्वी मालिवानला भाऊ झाला होता. केओ त्याचं नाव, म्हणजे रत्न. तो थोडेच दिवस जगला. एका सकाळी आईनं त्याला उचललं आणि तो उठलाच नाही. त्यानंतर आई कोपऱ्यातल्या चटईवर जी बसली ती बसलीच. गावातली वडीलधारी मंडळी म्हणाली, की माणसाच्या देहात बत्तीस ख्वान नांदतात, तेच त्याचं चैतन्य, आणि मोठा धसका बसला की त्यांतले काही घाबरून पळून जातात, सेंगदावचे तसे पळाले आहेत. घरात दोनदा विधी झाला, केळीच्या पानांचा मनोरा फुलांनी सजवला, म्हाताऱ्यांनी तिच्या मनगटाला पांढरे दोरे बांधत पळालेल्या ख्वानांना हाका मारल्या, परत या रे, घर तुमचं आहे, भात गरम आहे... पण आले नाहीत. आई टीव्हीसमोर बसून राही आणि बांबूच्या टोपलीतला चिकट भात लाडू वळावेत तसा वळून तोंडात टाकत राही, भूक असो वा नसो. तिचं शरीर सुटत गेलं. लग्नातला चांदीचा कंबरपट्टा आधी शेवटच्या कडीवर गेला, मग पेटीत गेला. जिना चढताना तिला धाप लागे, आणि जिना उतरण्याचं तर तिनं सोडूनच दिलं.

आणि या सगळ्या काळात तिच्याजवळ कोण होतं? मालिवान! शाळा सुटली की ती धावत घरी येई. बाबांचं विहारासमोर केस कापायचं छोटंसं दुकान होतं, ते अंधार पडेपर्यंत तिथेच अडकलेले असत. मग आईचे केस विंचरायचे, तिच्या पाठीला तेल लावायचं, शाळेतल्या शिक्षकांच्या नकला करून दाखवायच्या, आणि आईला एकटं वाटू नये म्हणून तिच्या शेजारी बसून तिच्याच टोपलीतून, भूक नसताना, भात खायचा. शाळेच्या मुलींच्या होडीसाठी खेळाच्या बाईंनी तिला दोनदा विचारलं होतं, चिंदा तर आधीच त्यात वल्हवत होती. दोन्ही वेळा मालिवाननं, आई एकटी असते, असं सांगून मान खाली घातली होती. सगळं गाव तिला लहानपणापासून तुई म्हणत असे, म्हणजे गुबगुबीत. तान्ह्या बाळाला हाक मारायला असंच काहीतरी वेडंविद्रं टोपणनाव ठेवतात, गोड नावानं हाक मारली तर भुताखेतांना मोह पडतो आणि ती बाळाला घेऊन जातात. पण या दोन वर्षांत ते नाव तिच्या अंगावर खरंच येऊन बसलं होतं.

मग एके दिवशी फेंगमावशी जिना चढून आली. शेजारच्या गल्लीतली ही बाई गावच्या बायकांच्या होडीची म्होरकी होती, तिच्या शिट्टीवर चाळीस वल्ही एकदम पाण्यात पडत. वजन कमी कर, मन रमव, चार पावलं चालत जा, असं आजवर सगळ्यांनी आईला सांगून झालं होतं, अगदी दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही. फेंगमावशीनं यातलं काहीच म्हटलं नाही. ती आईसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "सेंगदाव, आमच्या होडीचं पोट हलकं पडतंय गं. प्रवाहात ती उधळते. मध्ये बसायला वजनदार बाई हवी. आम्हाला तुझं वजन हवंय."

दोन वर्षांत आईकडे कुणी काही मागितलं नव्हतं. ती उठली...

पहिल्या दिवशी ती हातांना फोड घेऊन आली आणि न जेवता झोपली, पण झोपली ती थेट कोंबडा आरवेपर्यंत. महिन्याभरात ती जिना धापा न टाकता चढू लागली. मग पहाटे नदीवर जाताना गुणगुणू लागली. चेहऱ्यावरची सूज उतरली, डोळे मोठे दिसू लागले, आणि एका सकाळी पेटीतला कंबरपट्टा निघून तिच्या कमरेला बसला तेव्हा बाबा आरशासमोर वस्तरा हातात धरून तसेच उभे राहिले. फेंगमावशी तर सगळीकडे सांगत सुटली, की ही बया अशीच झडत राहिली तर तिला पोटातून उचलून पुढच्या टोकाला बसवावी लागेल, मी वजन म्हणून घेतलेली बाई मलाच फसवून चाललीय!

सगळे आनंदात होते. मालिवाननंही आनंदातच असायला हवं होतं. पण नाही! तिच्या मनात मत्सराचा एक काटा रुतला होता आणि तो रोज थोडा थोडा आत जात होता. जे तिला दोन वर्षांत जमलं नाही ते या बायकांनी चार महिन्यांत करून दाखवलं! तिनं विंचरलेल्या केसांनी, तिनं केलेल्या नकलांनी, तिनं आवडत नसताना गिळलेल्या भातानं जे झालं नाही, ते एका लाकडाच्या ओंडक्यानं केलं! आई घरी आली की फेंग असं म्हणाली, फेंगनं तसं केलं. आईची भूक फेंगला ठाऊक, आईची झोप फेंगला ठाऊक. कोपऱ्यातली चटई रिकामी झाली होती आणि तिच्या शेजारची जागाही. आता त्या जागेवर मालिवान एकटीच बसे.

भिक्षूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपत आला. नदीतल्या होड्यांच्या शर्यतीआधी होडीला आणि वल्हवणाऱ्यांना दोरे बांधायचा दिवस उजाडला. विहाराच्या आवारात होडीच्या टोकाला झेंडूच्या माळा घातल्या होत्या आणि बायका एकमेकींच्या मनगटांना पांढरे दोरे बांधत होत्या, प्रत्येक गाठीबरोबर ख्वानांना बोलावत. मालिवान चिकट भाताच्या टोपल्या घेऊन आली आणि खांबाआड थबकली. आई बोलत होती. केओबद्दल!

"इतका देखणा होता गं," आई म्हणत होती, "की मला त्याला वाईट नाव ठेववेना. सासूबाई म्हणत होत्या, काहीतरी ठेव, बेडूक म्हण, डुक्कर म्हण. मी त्याला रत्नच म्हणत राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मीच त्याला दाखवून दिला."

बायका रडत होत्या. एकेक जण पुढे होऊन आईच्या मनगटावर दोरा बांधत होती, आणि बघता बघता आईचा हात कोपरापर्यंत पांढरा झाला.

मालिवाननं टोपल्या तिथेच खांबाशी ठेवल्या. दोन वर्षं! दोन वर्षं तिनं ते नाव ओठांवर येऊ दिलं नव्हतं, आईला त्रास होईल म्हणून. तो तिचाही भाऊ होता. त्याला पहिल्यांदा अंघोळ घालताना पाणी तिनं ओतलं होतं. आणि आईनं आपल्या काळजातली ही जखम उघडून दाखवली ती तिला नाही, तर यांना!

दुसऱ्या दिवशी दुपारी आई सकाळच्या सरावाहून येऊन झुल्यात झोपली होती. तिचा पांढरा हात झुल्याबाहेर लोंबत होता. मालिवान बाबांना जेवण पोचवून आली तेव्हा दुकानातली बारीक कात्री तिच्या मुठीत होती. ती कधी उचलली हे तिचं तिलाही आठवत नव्हतं. त्या दोऱ्यांना लोखंड लावायचं नसतं. ते आपोआप गळून पडू द्यायचे, फार तर गाठ सोडायची. कापले तर बोलावून आणलेला ख्वान सुटतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मालिवानलाही ठाऊक होतं. म्हणूनच तर तिनं ते कापले... एकेक करून, श्वास रोखून, सगळेच्या सगळे.

आई जागी झाली. तिनं आपल्या उघड्या मनगटाकडे पाहिलं, जमिनीवर पडलेल्या दोऱ्यांकडे पाहिलं, चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. खाली वाकून तिनं दोरे गोळा केले, ओंजळीत धरले आणि उठून आत गेली.

संध्याकाळी ती सरावाला गेली आणि लवकरच परत आली. होडीतून सुट्टी घेतली आहे, खांदा दुखतोय, इतकंच तिनं बाबांना सांगितलं. मालिवानचा जीव हलका झाला. आता आई पुन्हा तिची होती! तिनं त्या रात्री आईच्या आवडीचा मासा केळीच्या पानात भाजला, केस विंचरायला घेतले, शाळेतली नवी नक्कल करून दाखवली. आई हसली नाही. तिसऱ्या दिवशी आईनं टीव्ही लावला. चौथ्या दिवशी ती कोपऱ्यातल्या चटईवर बसली आणि भाताची टोपली तिनं मांडीवर ओढून घेतली. रोज संध्याकाळी होडी घरासमोरून जाई, फेंगमावशीची शिट्टी घुमे, आणि आई खिडकीकडे पाठ फिरवून बसे.

मालिवानला जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. चटई, आई, शेजारची जागा. मग टोपलीत हात घालावासा तिला का वाटत नव्हता?

चिंदानंच तिला सांगितलं, शाळेच्या पायऱ्यांवर बसून, कुठेतरी भलतीकडे बघत. गावात सगळीकडे बोललं जातंय. फेंगमावशीनं विचारलं, दोरे कुठे गेले, तेव्हा तुझी आई म्हणाली, मीच कापले, मला टोचत होते. बायकांना फार लागलं ते. आम्ही रडत रडत बांधलेले दोरे हिनं कात्रीनं कापले! फेंगमावशी म्हणाली, आमची माया जिला टोचते तिला आमच्या होडीत कशाला बसवायची? आणि तुझी आई वल्हं खाली ठेवून निघून आली.

"तुझी आई असं का करेल गं?" चिंदानं विचारलं. "तिला तर होडी म्हणजे जीव की प्राण."

मालिवान ताडकन उठली. आईला ठाऊक होतं! पहिल्याच क्षणापासून ठाऊक होतं, आणि तिनं लेकीचं नाव ओठांवर येऊ न देता सगळ्या गावाचा राग आपल्या अंगावर घेतला होता. आपले नव्यानं परतलेले प्राण तिनं मुकाट्यानं लेकीच्या चुकीवरून ओवाळून टाकले होते...

मालिवान धावत सुटली. तिला धावायची सवय नव्हती. विहाराच्या घाटावर पोचेपर्यंत तिच्या छातीचा भाता झाला होता. बायका होडी वर ओढून घेत होत्या. ती सगळ्यांसमोर उभी राहिली, जिथे तिनं तो प्रश्न विचारला होता त्याच पायरीवर, आणि म्हणाली, "आईनं नाही कापले. मी कापले. ती झोपली होती."

फेंगमावशीनं होडीचा दोर खुंटीला गुंडाळला आणि मग शांतपणे विचारलं, का.

"ती तुमच्याशी बोलली त्याच्याबद्दल. माझ्याशी कधीच नाही बोलली. तो माझाही भाऊ होता." आणि आता मात्र तिला आवरेना, दोन वर्षांचे अश्रू एकदमच बाहेर पडले, आणि ती त्या पायरीवर बसून लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडू लागली.

फेंगमावशी तिच्याजवळ येऊन बसली. तिचे हात रबरासारखे घट्ट होते आणि त्यांना नदीचा वास येत होता. ती रागावली नाही. ती म्हणाली, "पोरी, आम्ही तिला कधी काही विचारलं नव्हतं. त्याच्याबद्दल ती त्या एकाच दिवशी बोलली. पहिल्या दिवसापासून तुझ्याचबद्दल बोलते. माझी मुलगी दोन वर्षं माझ्या चटईला बांधली गेलीय, म्हणाली, मी उठले नाही तर तीही उठणार नाही. म्हणून मी वल्हवते, असं ती म्हणते. दम लागून डोळ्यांपुढे अंधारी येते ना तिला, तेव्हा वल्हं मारताना ती तुझं नाव घेते. तुझ्या आईच्या पुढच्या पाटावर मी बसते. मला ऐकू येतं."

त्या संध्याकाळी मालिवान घरी आली ती एकटी नाही, तिच्यामागे ओल्या कपड्यांच्या चाळीसएक बायका जिन्यावर, अंगणात, रस्त्यावर उभ्या होत्या. फेंगमावशी सगळ्यांत आधी वर गेली आणि सेंगदावपुढे हात जोडून म्हणाली, की मी तुला काय काय बोलले, तू ऐकून घेतलंस, आता मला माफ कर आणि ऊठ, तुझ्यावाचून होडी पुन्हा उधळायला लागलीय. दोरे पुन्हा बांधले गेले. सगळ्यांत शेवटी मालिवानची पाळी आली तेव्हा तिच्या बोटांना गाठ जमेना.

"मला तेव्हाच कळलं होतं," आई हळूच म्हणाली. "इतके वेडेवाकडे कापलेले दोरे. तुझ्या बाबांच्या हातचे असते तर सरळ रेषेत असते."

"मग तू मला मारलं का नाहीस?"

"मारणार होते. पण तुझी पाठ बघितली. चुलीपाशी तू अशी उभी होतीस ना, खांदे पाडून... मी दोन वर्षं तशीच बसले होते." आईनं लेकीची बोटं धरली. "मला वाटायचं, त्याचं नाव तुझ्यासमोर काढलं तर तू मोडशील. म्हणून नाही काढलं गं, तुई."

"मलाही तसंच वाटायचं."

मग मालिवाननं डोळे पुसले, नाक ओढलं आणि म्हणाली, "आपण त्याला आत्ता ठेवू या ना नाव. वाईट नाव. उशीर झाला तर झाला."

"काय ठेवायचं?"

"बेडूक."

आई बघतच राहिली. "बेडूक," तिनं म्हणून पाहिलं. "माझा बेडूक." आणि ती हसू लागली, आणि हसता हसता रडू लागली, आणि बाबा, जे इतका वेळ दाराशी दुकानातली ती कात्री खिशात लपवून उभे होते, ते येऊन दोघींच्या मध्ये चटईवर बसले आणि त्यांनी ते नाव तीन-चारदा मोठ्यानं घेतलं, अगदी सगळ्या भुताखेतांना ऐकू जाईल असं.

शर्यतीच्या दिवशी नदीकाठी मुंगीलाही जागा नव्हती. फुगे, भाजलेली कोंबडी, कर्णे, भिक्षूंच्या भगव्या ओळी! आईच्या होडीचं पोट पाण्यात घट्ट बसलं होतं आणि ती सुसाट आली, अंतिम फेरीत पोचली, आणि शेवटच्या फेरीत वरच्या गावाच्या होडीकडून अगदी होडीच्या टोकाएवढ्या अंतरानं हरली. मालिवानचा आवाज बसला होता. तिच्या मनात अजूनही, अगदी थोडा, तो काटा होता. चाळीस बायकांमध्ये एकच पाठ ती शोधत होती, आणि ती पाठ वाकत होती, सरळ होत होती, पुन्हा वाकत होती, आणि त्या क्षणी ती पाठ मालिवानची नव्हती, कुणाचीच नव्हती, फक्त आईची स्वतःची होती. मालिवानला पहिल्यांदाच ते पाहून वाईट वाटलं नाही. तिला वाटलं, हे मलाही हवंय!

त्या संध्याकाळी घरात गर्दी उसळली होती. फेंगमावशीनं भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवत सगळ्यांसमोर जाहीर केलं, की पुढल्या वर्षी तुई आपल्या होडीत येणार, सेंगदावच्या अगदी शेजारच्या पाटावर. सहा महिने वल्हवलं की हिचीही कंबर दिसायला लागेल, आणि मग होडीच्या पोटात बसवायला मी वजन कुठून आणू, देव जाणे! आईनं लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला होता. शेजारची जागा! दोन वर्षं मालिवाननं जिच्यासाठी जीव टाकला होता ती जागा आज कुणी तरी आपणहून तिच्यासमोर ठेवत होतं.

बायका गेल्या. बाबा चटई झटकत होते, आई भांडी गोळा करत होती. मालिवान मध्येच उभी राहिली. तिचा आवाज, बसलेला असूनही, ठाम निघाला.

"आई, बाबा, मला सांगायचंय. मी फेंगमावशीच्या होडीत जाणार नाही."

आईच्या हातातलं ताट थांबलं. बाबांनी चटई खाली ठेवली.

"ती होडी तुझी आहे, आई. ती मी तुझ्याकडून आता घेणार नाही, अर्धीसुद्धा नाही. मी शर्यत संपल्या संपल्याच खेळाच्या बाईंना भेटून आलेय. त्यांच्या होडीतही पोटाला वजन कमी पडतंय म्हणे, मी म्हटलं, मग मी आहे ना! उद्या पहाटेपासून मी शाळेच्या होडीत वल्हवणार. पुढल्या वर्षी शाळेची होडी तुमच्याच गटात उतरणार आहे, तेव्हा मी तुझ्याविरुद्ध असेन, आणि मी तुला हरवणार आहे. बाबा, तुम्ही काठावरून कुणाच्या नावानं ओरडायचं ते आत्तापासून ठरवून ठेवा."